गच्चीवरचा मुद्देमाल

नोकरीत हाताळलेल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले. नाहूरच्या गच्चीवरच्या भाताचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. तेव्हा मी मुलुंड भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो.

एका संशोधन केंद्राच्या प्रमुख बाई फिर्याद घेऊन आल्या. शीतगृहातली भाताच्या बियाण्याची तीन पाकिटं गायब असल्याचं वार्षिक तपासणीत लक्षात आलं होतं. ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. "मॅडम, तांदूळ तर वाण्याकडे पण मिळतो ना!"

"हा नाही मिळणार," बाई म्हणाल्या.

मनोरीच्या खाडीकाठी एकेकाळी पिकणारं ते जुनं वाण होतं. मुळांतून चढणारं मीठ पानांपर्यंत पोचू न देणारी जनुकं त्यात होती. पावसाने ओढ दिली तरी ते तग धरायचं. हे गुण नव्या वाणांत उतरवायचं काम केंद्रात चालू होतं. मनोरीत आता ते कोणी लावत नव्हतं. पाकिटं गेली म्हणजे वाणच गेलं.

मला वाटलं, एखाद्या बड्या कंपनीचा हात असणार. पंधरा दिवस केंद्रातल्या लोकांच्या फोनचे तपशील चाळले, हाती भोपळा आला. खबर मिळाली ती भलत्याच तक्रारीतून. नाहूरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी तणतणत ठाण्यात आले. "साहेब, आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई गच्चीवर रंगाच्या बादल्यांत भात लावतात आणि त्याला मिठाचं पाणी घालतात! स्लॅबची वाट लागली. कोण घालतं हो झाडाला मीठ?"

मी खुर्चीतून उठलोच.

त्या बाई केंद्रातल्याच प्रयोगशाळा मदतनीस निघाल्या. मूळच्या जालन्याकडच्या, निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या. गुन्हा शाबित झाला असता तर नोकरी आणि अब्रू दोन्ही गेली असती. माझा अनुभव असा, की चोर पहिल्या प्रश्नाला खोटं बोलतो. मी गच्चीवर पोचलो, तर या बाईंनी मला प्रश्नही विचारू दिला नाही. "साहेब, जरा मागे सरा. बादलीला धक्का लागतोय, भात फुलोऱ्यात आहे."

"पाकिटं कशाला नेलीत?"

"बी म्हातारं झालं होतं. मूठभर भिजवून बघितलं, दोन-चारच दाणे उगवले. पुन्हा पेरून ताजं करा म्हणून तीनदा अर्ज दिला. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तोवर राहिलं असतं का ते?"

"आणि मीठ?"

"गोड्या पाण्यावर काय, कुठलंही भात वाढतं. खार सोसणारं कोणतं, ते मिठातच कळतं ना."

प्रमुख बाईंनी फायली काढायला लावल्या. तिन्ही अर्ज त्यात होते. त्यांचा चेहरा उतरला.

गुन्हा मात्र दाखल झालेला, त्यामुळे मुद्देमाल जप्त करणं भाग होतं. रिवाजाप्रमाणे रोपं उपटून, सील करून मालखान्यात टाकायची. आमच्या मालखान्यात लोखंडसुद्धा गंजायचं, तिथे ते भात काय जगणार? मी गच्चीवरच पंचनामा केला, बादल्यांना चिठ्ठ्या डकवल्या आणि कोर्टाच्या परवानगीने कापणीपर्यंत मुद्देमाल जागेवर ठेवला. आरोपीने हात लावायचा नाही, अशी अट होती. रोज पाणी कोण घालणार? शेवटी सेक्रेटरीच तयार झाले. बाई गच्चीच्या दारातून सांगायच्या, "भाऊ, आज मीठ नको. दाणा भरतोय." आणि ते गृहस्थ मुकाट्याने साधं पाणी घालायचे. ते बघून मला फार बरं वाटायचं.

कापणी केंद्राच्या माणसांनी केली. पुढे केंद्राने तडजोडीचा अर्ज दिला आणि कोर्टाने तो मंजूर करून खटला मिटवला. त्याआधी न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, "काही सांगायचंय?"

मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "पाकिटं मी घेतली, हे खरंच आहे. फक्त एवढं विचारायचंय, नवीन बी उगवलं का?"

मागच्या बाकावरून प्रमुख बाई उठल्या. कोर्टात असं मध्येच बोलायचं नसतं. "उगवलं," त्या म्हणाल्या, "सगळं उगवलं." न्यायाधीशांनी त्यांना टोकलं नाही.

आपलं काय होणार, हे प्रत्येक आरोपी विचारतो. मुद्देमालाची खुशाली विचारणारी आरोपी मला एकच भेटली. चोरीच्या तपासात वस्तू कोणाच्या मालकीची, एवढंच आम्ही विचारायचो. तिला जपतंय कोण, हेही विचारावं, हे मी त्या बाईंकडून शिकलो. त्याआधी हा प्रश्न न विचारताच किती जणांना मी कोठडीत बसवलं असेल, हे मनात आलं की आजही वाईट वाटतं.