धवलारणीचा पाट

आय, माझी सासू, गाता गाता गेली, असं आमच्या कोलशेतात सगळे सांगतात. साफ खोटं आहे. मी होते तिथे. तिच्या कोरड्या ओठांना ओला कापूस लावत होते, आणि त्याआधी कित्येक दिवस तिने एक शब्द काढला नव्हता. दिनेशने, माझ्या नवऱ्याने, तिचा हात धरलेला. तो हात सैल पडला, तरी आम्हाला कळायला जरा वेळच लागला... बाराव्याला जेवायला आलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला सगलं पाठ व्हता, आजार कसला नि काय!" मी वाढत होते. पातेलं खाली आपटावंसं वाटलं, पण दिनेशने डोळ्यांनीच नको म्हटलं. म्हणून आता, इतक्या आठवड्यांनी, लिहितेय. आजार होता. त्याला नाव होतं. आणि ते नाव कळेपर्यंत एका बाईची अब्रू वेशीवर टांगली गेली, त्याचं काय?

आय, म्हणजे हिराबाय, धवलारीण होती. आमच्याकडच्या आगरी लग्नात धवळे गाऊन लग्न लावणारी बाई. देवांना आवतण, पितरांना आवतण, मग नवरा-नवरीचं नाव घेऊन एकेक विधी, सगळं गाण्यात आणि सगळं तोंडपाठ. मी डोंबिवलीची, कोकणातल्या घरातली. आमच्या लग्नात आमच्या भटजींनी अक्षता टाकल्या, मी म्हटलं झालं एकदाचं. तर ही आपला शिसवी पाट घेऊन समोर येऊन बसली. म्हणाली, "भटानं लावला त्यो तुमचा. आथा मी लावतंय." आणि गायला लागली. खर्जातला आवाज, पाटाच्या कडेवर बोटांच्या पेरांनी ठेका. माझं नाव त्या चालीत आलं तेव्हा मला इतकं रडू आलं की माझ्या आईला वाटलं मुलीला पश्चात्ताप होतोय. तो पाट आय कुणाच्या घरी विसरायची नाही, कुणाला बसायलाही द्यायची नाही. लग्नाला निघाली की पाट काखेत.

सुरुवात कधी झाली ते आज सांगता येत नाही. चहात मीठ पडलं, ते आम्ही हसण्यावारी नेलं. नंतर जेवून हात धुतला की ती शेजारच्या दारात जाऊन सांगायची, "सून जेवाला देत नाय." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालेलं मला. संध्याकाळ झाली की दाराशी उभी. "मना घरा नेस काय गो?" आमचं जुनं घर पाडून तिथे टॉवर झालेला, त्यातच आम्हाला वरचा फ्लॅट मिळालेला. त्यामुळे सगळ्यांनी अर्थ काढला की म्हातारीला फ्लॅट पटत नाही, जुनं अंगण आठवतं. मीही तेच समजले. एकदा तर ती खाडीच्या रस्त्याने चालत सुटली, आणि तिथल्या एका कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनने ओळखलं म्हणून सापडली. मी दिनेशला म्हटलं, "अरे, हे काहीतरी वेगळंय. डॉक्टरकडे नेऊ या." तर म्हणे, "सगळे धवळे पाठ आहेत तिला. तुझ्या-माझ्याने चार ओळी तरी होतील का? विसरते कसली?" ह्या एका वाक्यावर आमचं घर दोन वर्षं अडून बसलं. फॅमिली डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, वय झालं, चालायचंच.

मग नामाकाकांच्या नातीचं, प्रणालीचं लग्न आलं. नामाकाका म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीतला शेवटचा शब्द त्यांचा. मांडव गच्च भरलेला. आय गात होती, एक अक्षर चुकत नव्हतं. नवऱ्या मुलाचं नाव यायच्या जागी तिने नाव घेतलं, गणपत. गणपत म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन खूप वर्षं झालेली. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुढच्या फेऱ्यात पुन्हा तेच, गणपत. बायकांनी तोंडाला पदर लावला. प्रणालीची आई तिथेच ओरडली. मेलेल्या माणसाचं नाव जित्या नवरदेवाला लावलं, ह्याचा अर्थ आमच्याकडे पोरालाही समजतो. नामाकाका उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शाप दिला हिनं. भर मांडवान! पाठ हाय ना सगला? मंग ह्योच बरा इसरली?" आय त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काहीच कळलं नव्हतं. बोटं अजून पाटावर वाजत होती.

त्यानंतर हिराबायला आवतण बंद. रस्त्यात बायका तोंड फिरवायच्या. नामाकाकांनी भगत, आमच्याकडचा मांत्रिक, ठरवला, रविवारी येऊन उतारा काढणार होता. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कल्याणची, तिच्या वडिलांचं असंच झालेलं. ती म्हणाली, "मानसोपचारवाले, डोळेवाले, सगळं फिरून झालं आमचं. वेळ घालवू नकोस. मेंदूचा डॉक्टर गाठ, न्यूरोलॉजिस्ट." मी फोन लावत सुटले. डोंबिवलीत एकजण आठवड्यातून एकदाच यायचे, त्यांची महिनाभराची वेळ भरलेली. शेवटी ठाण्यात एका डॉक्टरबाईंकडे कुणाची तरी वेळ रद्द झाली. शनिवार सकाळ. भगताच्या आदल्या दिवशी!

पण आय डॉक्टरकडे येईल तर शपथ. "मी येरी हाय काय?" वेडी ठरवताय का मला, म्हणून पलंगाला घट्ट धरून बसली. खाली टॉवरच्या दाराशी नामाकाका खुर्ची टाकून बसलेले, तेही विचारणारच. मग मी खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आय, ठाण्यात लग्न आहे. धवलारीण मागितलीय." अशी उठली म्हणून सांगू! ठेवणीतलं लुगडं नेसली, अंबाड्यात फूल माळलं आणि पाट काखेत मारला. लिफ्टमधून बाहेर आलो तर नामाकाका समोर. त्यांनी पाटाकडे बघितलं, म्हणाले, "हिला कोनी बोलवला?" मी म्हटलं, "आहेत अजून बोलवणारी माणसं," आणि तिला रिक्षात कोंबलं. दिनेश मागून आला.

दवाखान्यात तिने खुर्ची नाकारली. सरळ जमिनीवर पाट मांडून बसली. डॉक्टरबाई शहाण्या, त्याही खुर्ची सोडून बुटकं स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. आज वार कुठला, महिना कुठला, हे विचारलं तर आय म्हणते, "तूच सांग, तू शिकलेली." घड्याळ काढायला दिलं तर सगळे आकडे एका बाजूला. तीन शब्द सांगितले, पाच मिनिटांनी विचारले, एकही नाही. तरी दिनेशचं तेच, "पण मॅडम, तिला धवळे येतात. सगळे." डॉक्टर म्हणाल्या, "मग ऐकू या की." आय गायला लागली. बाहेरचे पेशंट दाराशी आले. अडखळणं नाही, काही नाही. दिनेशने माझ्याकडे असं बघितलं, की बघ. तेवढ्यात नाव आलं, गणपत. डॉक्टरांनी तिच्या हातावर हात ठेवून हळूच थांबवलं आणि विचारलं, "आजी, लग्न कुणाचं आहे?"

आय लाजली. ह्या वयात, पदर तोंडाशी नेऊन, नवी नवरी लाजते तशी लाजली. म्हणाली, "माजा."

दिनेश भिंतीकडे तोंड करून रडला. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, पण मला आधी राग आला होता, त्या सगळ्या मांडवाचा. तिने मेलेल्याचं नाव घेतलंच नव्हतं हो! तिच्यापुरता गणपत नवरदेव होता, बोहल्यावर उभा. डॉक्टरांनी नीट समजावलं. जन्मभर घोकलेलं गाणं मेंदूत खोल जाऊन बसतं, ते शेवटी पुसतं. पुसतं ते आजचं, सकाळचं. गाणं येतं म्हणजे आजार नाही, असं नाही. आधी रक्त तपासू, एमआरआय काढू, कधी थायरॉइडने किंवा बी-ट्वेल्व्ह कमी पडूनही माणूस असा विसरतो आणि ते सुधारता येतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला थायरॉइड निघावा म्हणून मी देवाला हात जोडले. नाही निघाला. अल्झायमर निघाला. गोळ्यांनी गेलेलं परत येणार नाही, उतार थोडा मंदावला तर मंदावला, एवढंच त्या म्हणाल्या. निदान खोटी आशा तरी दाखवली नाही.

त्या शनिवारी संध्याकाळीच दिनेशने नामाकाकांच्या दारात जाऊन भगत नको म्हणून सांगितलं. भांडण झालं. बोलणं तुटलं ते तुटलंच, बाराव्यालाही ते आले नाहीत. गोळ्यांनी आयची रात्रीची घालमेल जरा कमी झाली, आणि "मना घरा ने" म्हटल्यावर वाद न घालता एक चक्कर मारून आणायची, हे आम्ही शिकलो. पुढे पुढे ती मलाही ओळखेना. "तू कोनाची गो बाय?" रोज विचारायची. आधी जीव तुटायचा. मग मला युक्ती सापडली. तिला खिडकीपाशी पाटावर बसवायचं आणि ठेका धरायचा. गाता गाता कधी तिचं स्वतःचं लग्न लागायचं, कधी आमचं. आणि आमचं लागलं की नवरीच्या जागी बरोब्बर माझं नाव यायचं. समोर बसलेली मी कोण ते ठाऊक नाही, पण गाण्यात मी होते. घरातली कामं टाकून मी ते ऐकायला बसायचे. मग तेही थांबलं...

परवा बेल वाजली. दारात नामाकाका. नातवाचं लग्न आहे, दुसऱ्या गावची धवलारीण आणणार आहेत. पण म्हातारी गाता गाता गेली म्हणून तिचा पाट शुभ, असा घरातल्या बायकांचा हट्ट, की नव्या धवलारणीने हिराबायच्या पाटावर बसूनच गावं. पाट द्याल का, विचारायला आलेले. दिनेश आतून पाट घेऊन आलासुद्धा. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि छातीशी धरून उभी राहिले. म्हटलं, "काका, शाप देणारीचा पाट मांडवात चालतो तुमच्या?"

त्यांनी चौकटीला हात टेकला. म्हातारे झालेत तेही. मग म्हणाले, "नव्हता दिला गो तिनं."

"हे मांडवात बोलायचं," मी म्हटलं. "त्या दिवशी सगळ्यांदेखत बोललात, तसंच."

त्यांनी मान हलवली. बोलतात की नाही ते लग्नात समजेल, मी पुढेच बसणार आहे. पाट ओल्या फडक्याने पुसून दिला. कडेला जिथे तिची बोटं वाजायची तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, तिथे जरा जास्त वेळ पुसत बसले. देताना बजावलं, लग्न झालं की लगेच परत आणायचा. खिडकीपाशी त्याची जागा तशीच ठेवलीय.