हात पोचेल तिथवर

नवं घर मिळालं आणि वरळीच्या बीडीडी चाळीतली निम्मी माणसं बिघडली, असं शैलाबाई कासाऱ्यांचं स्पष्ट मत होतं. एका खोलीत जन्म काढलेली माणसं टॉवरमध्ये शिरल्याबरोबर ‘मॉड्युलर’शिवाय बोलेनाशी झाली. शैलाबाई मजल्यामजल्यावर जाऊन सगळ्यांची स्वयंपाकघरं बघून आल्या. चहा प्यायल्या, ‘छान हं’ म्हणाल्या, आणि घरी येऊन एकेकाची पिसं काढली. एकाची कपाटं लिपस्टिकसारखी लाल. एकीची थेट छतापर्यंत. ती उघडायला स्टूल, आणि स्टूल ठेवायला जागा नाही म्हणून ते बाथरूममध्ये.

“काचेमागे सहा कप मांडलेत आणि बाकीची भांडी अजून गोणीत! घर आहे की दुकान?”

सून प्रिती हसायची. मुलगा संघर्ष म्हणायचा, “आई, तुला कधी काही आवडलंय का?”

आवडायला तसं काही वाट्यालाही आलं नव्हतं. शैलाबाई उंचीनं बेताच्या. बेताच्या म्हणणं हेही कौतुकच. सासूबाई मात्र ताडमाड. चाळीतल्या खोलीतली एकुलती एक लांब फळी त्यांच्या मापानं ठोकलेली, आणि साखर, चहा, तेल, सुके बोंबील, सगळं त्या फळीवर. शैलानं साखर मागितली की सासूबाई आधी हातातलं काम संपवायच्या, मग कशाला हवी ते विचारायच्या, आणि मग वाटीत टाकायच्या, तीही मेहेरबानी केल्यासारखी. फळी खाली घ्या म्हणायची तिची टाप नव्हती. सासूबाई गेल्या, तर नवऱ्यानं फ्रीज बसवण्यासाठी फळी आणखी वर घेतली. बायकोला विचारावं हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. दवाखान्यातल्या नोकरीतही तेच. फाइली वरच्या रॅकवर, काढून देणारा शिपाई चहाला गेलेला, आणि ही बया मान वर करून खाली उभी. आता नवरा नव्हता, नोकरी संपली होती, आणि नव्या घरात कुणापुढे हात पसरून काही घ्यायचं नाही, एवढा एकच हट्ट शैलाबाईंनी धरला होता.

प्रितीनं ओळखीची एक डिझायनर मुलगी आणली, सलोनी नावाची. तिनं लॅपटॉपवर घर दाखवलं. हॉलच्या कोपऱ्यात जाळीचं, घंटा टांगलेलं काहीतरी होतं.

“हे काय?”

“मंदिर युनिट, आंटी. सगळे घेतात.”

“आम्ही नाही घेत. समोर बुद्धाचा फोटो दिसतोय ना? डोळे उघडे ठेवून आलीस का?”

सलोनी ओशाळली आणि घाईघाईनं स्वयंपाकघर दाखवायला लागली. तिथंही कपाटं छताला टेकलेली. शैलाबाईंनी तिला लिफ्टपर्यंत पोचवलं.

मग सुतार आले. एक भिंतीपेक्षा मोबाइलमध्येच जास्त बघत होता. दुसरा प्रत्येक गोष्टीला “हो जायेगा” म्हणाला. असल्या माणसाच्या हातून काही होत नाही, हे शैलाबाईंना दवाखान्यातल्या नोकरीनं शिकवलं होतं. शेवटी लालबागचा धोंडू मेस्त्री आला. आत यायच्या आधीच त्यानं शेजारच्या उघड्या दारातून नजर टाकली.

“ह्येका बिजागरी म्हणतत? कपाटाच्या कानात डूल घातल्यासारखे दिसतत.”

शैलाबाईंना माणूस जागच्या जागी पसंत पडला. तरी परळला त्यानं केलेलं एक स्वयंपाकघर बघायला त्या गेल्या, ड्रॉवर बाहेर ओढून मागची बाजू चाचपली, सिंकखाली डोकं घातलं. शिव्या घालायला काही सापडलं नाही. त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

मापं घ्यायच्या दिवशी धोंडू म्हणाला, “वहिनी, हात वर करा बघू.”

त्यांनी हात वर केला.

“टाचा टेकवा. रोज काय टाचा उचलून रवतलात?”

बोटांच्या टोकाशी त्यानं पेन्सिलीची खूण केली. वरच्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा तिथं येणार होता. मग त्यानं दारात उभ्या असलेल्या उंच प्रितीकडे बघितलं. “खालचो कोपरो सूनबायच्या कपाळाक लागतलो हां.”

“ती ऑफिसला जाते. स्वयंपाकघर माझं आहे.”

सकाळचे डबे प्रितीच करायची. ती काही बोलली नाही. संघर्षला नेमका तेव्हा फोन बघायचा होता.

कपाटं झाली. शैलाबाईंनी एकेक दार उघडून प्रत्येक वस्तू आपल्या हातानं काढली, परत ठेवली, पुन्हा काढली. त्या दिवशी त्यांनी कुणालाच नावं ठेवली नाहीत.

पण ओट्यावर वाकून भाजी चिरताना प्रितीचं कपाळ कोपऱ्यावर आपटायचं. एकदा, दोनदा, मग टेंगूळच आलं. दोघी लिफ्टमध्ये असताना खालच्या मजल्यावरच्या दुर्गानं विचारलं, “काय गं, काय लागलं?”

“काही नाही, दार लागलं,” प्रिती म्हणाली.

दुर्गानं तिरक्या डोळ्यानं शैलाबाईंकडे पाहिलं. एरवी शैलाबाईंनी तिला तिथंच झापलं असतं. पण त्या प्रितीकडे बघत होत्या. हे असं गप्प बसणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. लोक त्याला सोशिकपणा म्हणत, आणि लोकांना काडीची अक्कल नव्हती. गप्प बसलेली शैला आतून जळत असायची. सासूबाईंचं शेवटचं आजारपण तिनं काढलं, गूमूत काढलं, आणि त्या गेल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. ही मुलगीही आपल्या उशाशी अशीच कोरडी उभी राहणार, हे शैलाबाईंना लख्ख दिसलं आणि त्या घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धोंडूला बोलावून घेतलं.

“मेस्त्री, ओट्यावरची ही कपाटं इतकी खाली लावलीत? डोळे फुटले होते?”

“वहिनी, तुम्हीच हात वर करून...”

“मी सांगेन वाटेल ते! घरात दुसरं माणूस राहतं, हे कारागिराला कळू नये?”

धोंडूनं कपाळावर हात मारला, मालवणीत काहीतरी पुटपुटला आणि चिरायच्या बाजूची कपाटं पार वर नेली.

संध्याकाळी प्रिती कामावरून आली. ओट्यापाशी ताठ उभी राहिली, मग वर बघितलं.

“बघतेस काय? चहाचा डबा वर गेलाय. काढ.”

प्रितीनं डबा काढून हातात दिला. “आई, तुमची साखरही वरच गेली. आता दिवसातून दहा वेळा मला हाक मारावी लागेल.”

“मारीन,” शैलाबाई म्हणाल्या. “बहिरी आहेस का?”