पोराची नाव

मासे धरायची नाव कशी निवडावी, हे मला कुणी विचारू नये. तरी सांगतो. मी जन्मात एकच नाव निवडली आणि ती निवडली तेव्हा मला पोहता येत नव्हतं, गळाला गांडूळ कसं लावतात ते माहीत नव्हतं आणि मासा मी फक्त कालवणात पाहिला होता. भोरला माझं शिलाईचं दुकान होतं. एक मशीन, एक बाकडं आणि भिंतीला एक आरसा. असल्या माणसानं भाटघर धरणाच्या पाण्यात नाव का घालावी? तर लग्नासाठी.

वडील गेल्यापासून माझ्या लग्नाची बोलणी मामा करायचे, म्हणजे आईचे थोरले भाऊ. मामांना गप्प बसणं जमत नसे. माणूस मनानं चांगला, पण बोलायला लागला की समोरच्यानं पळवाट शोधावी असा. त्यांच्यासोबत मी विंझरला मुलगी बघायला गेलो.

मुलीच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. आबांना ऐकू फार कमी यायचं. समोरचा बोलला की ते मुलीकडं बघायचे आणि मुलगी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तेच पुन्हा सांगायची. त्यामुळं बघायच्या कार्यक्रमातही पोह्यांच्या बश्या ठेवून ती आत गेली नाही, आबांच्या शेजारीच बसली. घराच्या कोपऱ्यात गळाच्या चार-दोन काठ्या उभ्या होत्या. आबांना मासे धरायचा भारी नाद. पण जन्म गेला नदीच्या काठावर बसून. मधल्या खोल पाण्यात जाऊन एकदा गळ टाकायचा, ही त्यांची हौस राहून गेली होती, असं मुलीची आई पोहे वाढता वाढता म्हणाली. मी ते एका कानानं ऐकलं आणि सोडून दिलं.

मग कुणीतरी मला म्हणालं, "विचारा की मुलीला काय इचारायचं ते."

आता अशा वेळी शाळा किती झाली, स्वयंपाक येतो का, असं विचारायची रीत. माझी नजर मात्र तिच्या झंपरावर अडकली होती. डावी बाही उजव्या खांद्याला आणि उजवी डाव्या खांद्याला जोडलेली. मला असलं दिसलं की राहवत नाही. मी म्हणालो, "बाह्या उलट्या बसल्यात."

मामांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मुलीनं आधी स्वतःच्या बाहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "म्हणूनच हात वर जात न्हाई व्हय." आणि हसली. झालं. लग्न करीन तर हिच्याशीच, हे मी बशी खाली ठेवायच्या आत ठरवून टाकलं.

पण आबांचं काही ठरत नव्हतं. "पोरगं करतंय काय?" त्यांनी विचारलं. मुलीनं कानात सांगितलं, "कापडं शिवत्यात." आबांचा चेहरा उतरला. दिवसभर बसून बायकांची पोलकी शिवणारा जावई त्यांच्या मनात बसेना, ते कपाळावरच्या आठीवरून आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांनी उठायच्या बेतानं गुडघ्यावर हात ठेवला.

मामांनी हे हेरलं आणि आवाज चढवला. "अवो पाव्हणं, नुसतं शिलाईचं काय घिऊन बसला? पोराचं नाव हाय भोरात. लई मोठं नाव हाय."

आबांनी सवयीनं मुलीकडं पाहिलं. मुलगी कानाशी वाकली आणि तिनं सांगितलं. आबा सरळ होऊन बसले. "मग हे आदी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणाले आणि पुन्हा चहा टाकायला सांगितला. येताना गाडीत मामा मिशीवरून हात फिरवत होते. "बघितलंस? एका वाक्यात उडवला बार."

काही दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन दुकानी आला. "आबा रविवारी येनार हायेत. पोराची नाव बघायची म्हणत्यात."

मध्यस्थाच्या तोंडी 'पोराची' होतं की 'पोराचं', तिकडं आम्हा दोघांचं लक्षच नाही. मामांनी फक्त 'नाव' ऐकलं. त्यांनी वर दुकानाच्या पाटीकडं पाहिलं. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडून गेली होती. "असलं नाव दाखवनार व्हय पाव्हन्यांना?" म्हणाले आणि त्याच दुपारी रंगाऱ्याला बोलावलं. लाल अक्षरं, पिवळी कड. रंगाऱ्यानं हौसेनं एका बाजूला कात्री आणि दुसऱ्या बाजूला गुलाब काढला. मामा रस्त्याच्या पलीकडं उभं राहून बघत होते. म्हणाले, "आता येऊ दे कुनाला बी."

मध्यस्थ तिथंच चहा पीत बसला होता. जाता जाता तो म्हणाला, "आन आबा गळ घिऊन येनार हायेत बरं का. आदल्या दिशी गांडुळं काढून ठिवा म्हणालेत."

पाटी बघायला गळ कशाला? मामा माझ्याकडं बघायला लागले, मी मामांकडं. मग मला उमगलं. नाव. पोराचं नाव नव्हे, पोराची नाव. विंझरला आबांनी ऐकलं होतं की माझी भाटघरच्या पाण्यात मोठी नाव आहे.

"बहिऱ्या मानसाला मी तरी काय करू?" मामा म्हणाले.

मी भडकलो. तोंडाला येईल ते बोललो. तुमची जीभ आवरली असती तर ही वेळ आली नसती, म्हणालो. मामा म्हणाले, "मग सांगू का खरं?" खरं सांगितलं की मी पुन्हा नुसता शिलाईवाला, आणि ती उलट्या बाहीची मुलगी दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. "नाव पाहिजे," मी म्हणालो.

होडीवाल्यांना विचारून पाहिलं. त्यांना फेऱ्या सोडवत नव्हत्या, आणि त्यांची होडी माझी म्हणून दाखवली असती तर सगळा काठ हसला असता. मामा म्हणाले, भोपळे बांधून सांगड करू, मी ल्हानपणी तसाच पवलोय. मी म्हणालो, आबा काय भोपळ्यावर बसतील? शेवटी मामांना आठवलं की धरणावर काही लोक ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवून तिच्यावर बसतात आणि जाळी टाकतात. हवा भरली की नाव, सोडली की पिशवीत. मला ते पटलं. किकवीला हमरस्त्यावर ट्रक थांबायचे, तिथं पंक्चरवाला होता. आम्ही कापूरहोळला गाडी बदलून किकवी गाठली.

पंक्चरवाल्याकडं ट्यूबांचा ढीग. ट्रॅक्टरची होती, ट्रकची होती, एसटीची होती. मामांनी प्रत्येक ट्यूबवर थाप मारली, जसं काही म्हैस विकत घेतोय. मी मात्र माझ्या पद्धतीनं बघत होतो. कापड कसं चिमटीत धरून चोळून बघतो, तसं रबर चोळत होतो. तलम असेल ते चांगलं, एवढंच मला आयुष्यानं शिकवलेलं. आणि पुन्हा ती खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यायची होती मलाच.

म्हणालो, "हलकी बघून द्या."

पंक्चरवाल्यानं पान थुंकलं. "हलकी? समदे भारी मागत्यात."

"भारी नको. हलकीच पाहिजे."

"अवो, पान्यात घालनार म्हणता. चांगली भारीतली घ्या."

"एकदा सांगितलं ना, भारी आम्हाला झेपायची नाही. तुमच्याकडची सगळ्यात हलकी काढा."

"तुमची मर्जी," तो म्हणाला आणि ढिगाच्या अगदी खालून एक काढली. ठिगळांवर ठिगळं होती. मला ठिगळांचं काही वाटलं नाही. ठिगळ हे माझ्या धंद्यात दुरुस्तीचं लक्षण. त्यानं हवा भरून दाखवली, मी एका हातानं उचलली आणि खूश झालो. मामा म्हणाले, "भरल्याली हवा सोडायची न्हाई. फुकट मिळालीया." म्हणून ती फुगलेली ट्यूब गळ्यात घालून ते एसटीच्या रांगेत उभे राहिले. कंडक्टरनं एकदा मामांकडं आणि एकदा ट्यूबकडं पाहिलं. म्हणाला, "दोघांतलं एक टपावर जाईल." भोरपर्यंत ट्यूब टपावर बसून आली.

दोन रात्री मी ट्यूबवर बसायला गोणपाट शिवलं, दुहेरी सुतळीनं, काठाला तुरपाई घालून. आतली शिवण बाहेर दिसू दिली नाही. तशी नाव त्या धरणात पुन्हा झाली नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

रविवारी आबा आले, सोबत मुलगी. आबा कुठंही जायचे तर ती लागायचीच. पाणी काठोकाठ भरलेलं. आबांनी ट्यूब पाहिली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही नाव?"

मी म्हणालो, "हलकी आहे. कुठंही नेता येते."

मुलीनं कानात सांगितलं. तिच्या तोंडात पदर होता आणि खांदे हलत होते. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हिला हसू येतंय, याचा मला रागच आला.

आबांना मात्र ट्यूब पसंत पडली. धोतर वर खोचून ते गोणपाटावर बसले, गळ सरसावला आणि मला म्हणाले, "सोड." मी कमरेइतक्या पाण्यात, ट्यूबला बांधलेली दोरी धरून उभा. नाव आत गेली, आणखी आत गेली. आबांनी गळ टाकला. त्यांचा चेहरा एवढा सुखावला होता की मलाच क्षणभर आपली नाव खरी वाटायला लागली.

तेवढ्यात आवाज आला. सूंऽऽऽ. बारीक, पण स्पष्ट. किकवीची फुकटची हवा भाटघरात सुटत होती. मामांनी ऐकला, मी ऐकला, मुलीनं ऐकला. ज्यांनी ऐकायला हवा होता ते आबा गळाच्या टोकाकडं डोळे लावून बसलेले. मी ओरडलो. मामा ओरडले. आबा हळूहळू खाली चालले होते, पाणी कमरेला लागलं तरी हलेनात. मुलीनं काठावरून दोन्ही हात हलवले. आबांनी तिला हातानंच दटावलं. हालू नको, मासा पळंल.

आता मला खरी भीती वाटली. नाव गेली, लग्न गेलं, ते गेलंच, पण हा माणूस माझ्या तलम रबरामुळं बुडणार. मी दोरी हाताला गुंडाळली आणि जीव खाऊन ओढायला लागलो. नेमकी त्याच वेळी गळाची काठी वाकली. आबांनी ती दोन्ही हातांनी धरली. मामाही पाण्यात घुसले. आम्ही आबांना ओढतोय, आबा माशाला ओढतायत. सगळी वरात काठाच्या चिखलात येऊन आदळली तेव्हा आबांच्या कमरेभोवती ट्यूबचा नुसता चोथा राहिला होता आणि त्यांच्या मिठीत हातभर लांब मरळ फडफडत होती.

आबाच बोलले. मामांना म्हणाले, "पोरगं जाणकार हाय. मासा लागला तसं लगी वढलं. ताण बघून वढलं." मग त्यांनी कमरेभोवतीचं रबर चाचपलं. "आन हवा बी लगी सोडली, घडी घालाया. सोय लई केलीया."

मुलगी पाठ फिरवून उभी राहिली. मामांनी तोंड उघडलं होतं, मी त्यांच्या पायावर पाय दिला. जन्मात पहिल्यांदा ते गप्प बसले.

लग्न आमच्या पद्धतीनं झालं, बुद्धवंदना म्हणून, पांढऱ्या कपड्यांत, साधं. जेवणं झाल्यावर बायकांनी तिला घेरलं. नाव घे, नाव घे. ती खाली मान घालून बसली होती. लाजत असेल असं मला वाटलं. मग ती माझ्याकडं झुकली आणि मला एकट्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "नाव तर तुमी घेतली की. किकवीहनं."

मी म्हणालो, "मामांच्या तोंडामुळं. आणि आबांच्या कानामुळं."

"आबांच्या कानाला काय बोल लावता? मामा नीट बोललं व्हतं, म्या नीट ऐकलं व्हतं." ती थांबली. "आबा उठत व्हतं. 'पोराचं' सांगितलं असतं तर उठून गेलं असतं. म्हणून 'पोराची' सांगितलं."

बायका पुन्हा ओरडल्या, नाव घे. पलीकडं आबा हात कानामागं धरून बसले होते. ती उभी राहिली आणि तिनं माझं नाव घेतलं, खणखणीत आवाजात, आबांपर्यंत पोचेल असं. त्या वेळी तिनं एक मात्राही बदलली नाही.