पडदा सर

आमचे पडदा सर भटजींच्या घरातले. अंड्याला त्यांच्या घरात बंदी, पण चिखलीच्या शाळेत आम्हाला शिकवायला ते देवाच्या फुलांच्या परडीत लपवून अंडं आणत. व्हिनेगरमध्ये ठेवलं की टरफल विरघळे आणि आतलं पातळ आवरण, म्हणजे सरांचा लाडका पडदा, तेवढं उरे. मग ते अंडं पाण्यात टम्म फुगे, साखरेच्या पाकात सुरकुते. सर खूश होऊन म्हणत, "भिंत कोणालेच येऊ देत नाही. उघडं दार सगळ्यायलेच येऊ देते. पडदा पाहून घेते, कोणाले घ्याचं न कोणाले नाही!"

निवृत्तीनंतर ते आमच्या उंद्री गावात राहायला आले. कांदा चिरायला बसले की त्याचा पापुद्रा उजेडाकडे धरून बघत राहत. काकू ओरडायच्या, "अहो, चिरा तो कांदा! वाचत काऊन बसले?"

मी गावात जारच्या पाण्याचा आरओ प्लांट चालवत होतो. ऐन लग्नसराईत प्लांट अचानक जास्त पाणी देऊ लागला. मी खूश, गिऱ्हाईक खूश. सरांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"मशीन बंद कर."

"काऊन सर? उलट जोरात चालून राह्यली."

"म्हणूनच. पडदा फाटला असन. पाण्यासंगं क्षारही येऊन राह्यले."

"सर, हा अंड्याचा तास नाही. धंदा आहे," मी चिडून बोललो.

सरांनी प्लांटच्या दारात खुर्ची टाकली आणि येईल त्याला सांगू लागले, "आज पाणी नेऊ नका." तासाभरात ही गर्दी! शेवटी मी रागारागाने मशीन बंद करून नळकांड्यातली पडद्याची गुंडाळी बाहेर काढली. ती एका कडेला चक्क चिरलेली होती.

आता लोक माझ्यावर उलटले. तेव्हा सर खुर्चीतून उठले. "त्याले बोलू नका. त्याचा मास्तर मी. मीच त्याले कच्चं शिकवलं."

त्या दिवशी मला मान वर करता आली नाही.

पुढे सरांच्याच किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा बुलडाण्याला मीच त्यांना गाडीतून नेत असे. तिथली रक्त गाळणारी नळी दाखवत ते म्हणाले, "पाह्य बे, तुझ्या प्लांटचा लहान भाऊ!"

एकदा शेजारच्या खाटेवर एक बाई रडत होती. मशीन आपलं सगळं रक्त ओढून घेईल, ही तिची भीती. सरांना बोलताना धाप लागत होती. मला म्हणाले, "तू सांग तिले."

मी सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत राहिले. कोणी पडद्याबद्दल बोलतंय आणि सर मध्ये तोंड घालत नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर पंधरवड्यातच सर गेले.

महिन्याभराने काकूंसाठी काही कागद आणायला त्या दवाखान्यात गेलो. तीच बाई खाटेवर होती आणि शेजारच्या नव्या पेशंटला समजावत होती, "भिऊ नको वं माय. त्या नळीत पडदा हाये. आपलं रक्त आपल्यालेच देते, घाण तेवढी काढून घेते."

"तुमाले कोणं सांगितलं?" नव्या पेशंटने विचारलं.

"एक मास्तर होते इथं. त्यायनं."

सांगितलं मी होतं. पण बाईचंच बरोबर होतं. मी कागद घेतले आणि बाहेर पडलो.