अक्कम्माला ओळखणारा माणूस

मी अंगणवाडीची बाई. पोरांना खिचडी वाढायची, त्यांची वजनं घ्यायची, पोलिओचे थेंब पाजायचे आणि निवडणूक आली की मतदार यादी घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरायचं. सरकारला आमच्याशिवाय दुसरं माणूसच सापडत नाही. शुक्रवार पेठेतल्या एका भागाची यादी माझ्याकडे आहे, म्हणून अक्कम्माचं प्रकरण माझ्या वाट्याला आलं.

अक्कम्मा सत्तरीची. माहेर कर्नाटकातलं, सासर दुधनीचं. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं, तेव्हा ती सोलापुरात आली आणि आमच्या पेठेतल्या शेवटच्या चाळीत कडक भाकरी करून विकू लागली. त्याला तीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. चिडली की कानडीत बोलते, एरवी मराठीत. निम्मी पेठ तिच्या भाकरी खाते, पण तिच्या खोलीत घटकाभर बसत कुणी नाही.

एक युवराज तेवढा बसायचा. तो समोरच्या घरातला. लहानपणी त्याची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तो तीन वर्षं अक्कम्माच्या चुलीपाशी जेवला. आता चांगला चाळिशीचा बाप्या आहे, एका पक्षाचा कार्यकर्ता, गळ्यात सदानकदा उपरणं. तरी रोज तिच्याकडे डोकावायचा. ती त्याला 'माझा युवराज' म्हणायची.

यंदा निवडणूक जवळ आली तशी 'घुसखोरांना यादीतून काढा' अशी हाकाटी सुरू झाली. भाषणात हे घुसखोर परदेशातून येतात, यादीत मात्र नेमके विरोधकांना मतं पडणाऱ्या चाळीतच सापडतात! आमच्या शेवटच्या चाळीतल्या अठ्ठेचाळीस जणांवर लेखी हरकती आल्या. सगळ्यांवर कारण एकच, भारताचा नागरिक नाही. त्यात अक्कम्माही होती.

नोटीस मीच नेऊन दिली आणि वाचून दाखवली.

"मग मी कुटली म्हनं?" तिने विचारलं.

मी काय सांगणार? म्हटलं, "सोमवारी सुनावणी आहे. असतील नसतील ते कागद आणा, आणि तुम्हाला ओळखणारं एक माणूस."

"युवराज हाय की."

दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे उदयसिंह मोबाइलवर व्हिडिओ काढणारा एक पोरगा घेऊन आले. "आजी, नोटीस छातीशी धरा. आता जरा रडा." अक्कम्माला काही रडू येईना. शेवटी शेजारणीला रडायला लावून त्यांनी काम उरकलं. सुनावणीच्या दिवशी हे महाशय फिरकलेसुद्धा नाहीत.

सोमवारी युवराजने तिला मोटारसायकलवरून सुनावणीला तहसील कचेरीत आणलं. ती ठेवणीतलं इरकल नेसून आली होती. यादीचं काम म्हणून मलाही तिथे बसावं लागलं.

"यांना ओळखणारं कोण?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब," युवराज पुढे झाला. "मी ल्हान हुतो तवापासनं वळखतो. माज्या आईसारखी हाय."

"नाव?"

"युवराज कोंडीबा माने."

साहेबांनी कागद उलटला, परत सुलटा केला. "अहो, हरकतही तुमचीच आहे."

युवराजने कागद हातात घेतला. सही त्याचीच होती. पक्षाच्या कार्यालयातून भरलेल्या अर्जांचा गठ्ठा आला होता, त्याने बसल्या बैठकीला सह्या ठोकल्या होत्या. "अव्वा, आईशप्पत, वाचलं न्हवतं. तुजं नाव दिसलं असतं तर केली असती व्हय मी सही?" तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा मला वाटल्या.

"बाकीच्यांची दिसली असती तर?" अक्कम्मा म्हणाली.

त्याने कागद साहेबांच्या टेबलावर परत ठेवला.

"हरकत घेणाराच साक्षीदार कसा चालेल?" साहेब म्हणाले. "आजी, दुसरं कुणी आहे?"

तिने खोलीभर पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. मी सरकारी कामावर होते, मला साक्ष देता येत नाही, असं मनाशी म्हणत मी रजिस्टरात डोकं घातलं. तसा नियम कुठे लिहिलेला मी आजवर पाहिलेला नाही. माझी मला लाज वाटते.

"न्हाय, साहेब," ती म्हणाली. "मला ह्यो एकच हुता."

कागद पुरेसे निघाले. साहेबांनी हरकत फेटाळली. अक्कम्मा मोटारसायकलवर बसली नाही, चालत निघाली. युवराज गाडी ढकलत तिच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

आठ दिवसांनी मी आदेशाची प्रत घेऊन गेले. तिने ती न बघताच फळीवर ठेवली. युवराज येतो का, असं मी विचारलं.

"येतोय. दारात हुबा ऱ्हातोय. भाकरी देते हातात. आत ये म्हनवत न्हाय बग." बोलता बोलता तिने विस्तव पुढे सारला. "बाई, मी मेल्यावर यादीतलं नाव कोन काढतंय?"

"मीच."

"हितं येऊन?"

"हो. घरी येऊन खात्री करावी लागते."

तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. "मग नाव ऱ्हायलं ते बरं झालं," ती म्हणाली. "तू तरी येशील."