अमावास्येचा खोकला

वडगावात आमच्या घरात विजेवरचे दोन माग होते. दिवसा मी साड्या विणायचो, रात्री माझा भाऊ. मागच्या भिंतीला टेकून बायको मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही. आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. माग थांबायचे ते फक्त अमावास्येला. आमच्यात त्या दिवशी विणत नाहीत.

त्या दिवशी बायको खोकायची. मी धरून चाललो, हिला अमावास्येचा खोकला आहे. आई तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची. दुसऱ्या दिवशी माग सुरू, खोकला बंद. मला बरं वाटायचं.

एका अमावास्येला तिच्या पदराला रक्त दिसलं. मग बेळगावात डॉक्टरकडे नेलं.

"किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज न्हाय, साहेब. महिन्यातनं एक दिवस." तिच्या आधी मीच बोललो.

डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं. चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. औषधाच्या दुकानात वाचून सांगितलं, क्रॉनिक खोकला.

मी चौथी शिकलेला. शेजारच्या आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "क्रॉनिक म्हंजे शेवटचं रं. पाव्हण्यांना कळवून टाक."

घाबरून मी दोन्ही माग बंद केले. आठ दिवस घर गप्प. त्या आठही दिवसांत ती खोकली. चूल फुंकताना, भाकरी थापताना, पोरींच्या वेण्या घालताना. मला वाटलं, आप्पांचं खरं. दुखणं झपाट्यानं वाढतंय.

नवव्या दिवशी चिठ्ठी घेऊन शाळेतल्या मास्तरांकडे गेलो.

"आप्पांना काय कळतंय?" मास्तर म्हणाले. "क्रॉनिक म्हणजे भयंकर नव्हे. जुनं, लई दिवस अंगात राहिलेलं. परवा आलेलं असतं तर डॉक्टरांनी हा शब्द लिहिलाच नसता."

"म्हंजे मरणार न्हाय?"

"तसं काही लिहिलेलं नाही यात."

मी हलका होऊन निघालो. अर्ध्या वाटेत थांबलो. जुनं, तर कधीपास्नं?

घरी येऊन तिला विचारलं. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "थोरली पोटात हुती तवापास्नं."

थोरली तेव्हा सातवीत होती.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलंतं की. माग चालू हुता."

पुढं औषध झालं, कांड्या भरणं सुटलं. खोकत खोकत ती आणखी नऊ वर्षं जगली. गल्लीत अजूनही कुणाच्या चिठ्ठीवर क्रॉनिक आलं की बायका रडायला लागतात. मी त्यांना मास्तरांनी सांगितलेला अर्थ सांगतो. आप्पांचा अर्थ चुकीचा होता, पण तो खरा असता तर मला सोपं गेलं असतं. शेवटच्या दुखण्यात नवऱ्याचा दोष नसतो. बारा वर्षांच्या दुखण्यात असतो.