वाळूवाले कॅप्टन

त्या दिवशी वेळ होता. अंधेरीच्या त्या हॉटेलात जेवणाची भांडी अजून खालच्या स्वयंपाकघरातच होती. मॅनेजरने दारातून मला बोटांनी ‘पंचवीस मिनिटं’ अशी खूणही केली होती. तरीही मी माईक उचलला आणि म्हणालो, “वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथेच थांबवू या.” हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्यांना वाचवायला मी ते वाक्य बोललो ते कॅप्टन आता नाहीत. ज्यांच्या तोंडावर बोललो ते तावडेमामा जोगेश्वरीला आहेत, अजून चालतेफिरते आहेत. म्हणून सांगतो.

कॅप्टन म्हणजे भाषणाला उभे राहिले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवणारे गृहस्थ. सभागृहाला वाटायचं, वा, वेळेची काय कदर आहे माणसाला! सूत्रसंचालक म्हणून मी बाजूला उभा असायचो, त्यामुळे ते घड्याळ पालथं ठेवतात हे फक्त मला दिसायचं. वीस मिनिटं दिली तर पन्नास मिनिटं बोलायचे. मग घड्याळ उचलून, चकित चेहरा करून म्हणायचे, “अरेच्चा, देसाईंनी मला आवरलं कसं नाही?” लोक हसायचे. मीही हसायचो. दर वर्षी.

आमची परिषद म्हणजे छोट्या विमानवाल्यांची. फ्लाइंग क्लब चालवणारे, भाड्याने चार्टर विमानं देणारे, शिकवणारे, शिकणारे, विमा विकणारे असे दीड-दोनशे लोक वर्षातून एकदा जमतात, तोट्याबद्दल बोलतात आणि भरपेट जेवतात. हिचा सगळ्यात निरुपयोगी भाग म्हणजे पाहुणे वक्ते. एका वर्षी आम्ही ‘आकाशाची हाक’ या विषयावर ज्यांना बोलावलं, त्यांनी आकाश खिडकीजवळच्या सीटवरूनच पाहिलं होतं. दुसऱ्या वर्षीचे एक बिल्डर. त्यांची पात्रता एवढीच की त्यांच्याकडे हेलिकॉप्टर होतं. त्यांनी ते कधीही चालवलं नव्हतं, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं. शाल, श्रीफळ आणि लाकडी विमानाचं स्मृतिचिन्ह घेऊन ही मंडळी जायची. बहुतेक जण स्मृतिचिन्ह टेबलावरच विसरायचे. आम्ही नावाची पट्टी खरवडून ते पुढच्या वर्षीच्या वक्त्याला द्यायचो. एक विमान असं पाच वक्त्यांच्या हाती उतरलं आहे.

या सगळ्यांत कॅप्टन खरे वैमानिक होते, हे कबूल करायला हवं. म्हणून तर ते जास्त बोचतात. त्यांचा विषय ठरलेला: सुरक्षितता. आणि गोष्टही ठरलेली. उड्डाणानंतर तिसऱ्या मिनिटाला इंजिन बंद पडतं, खाली समुद्र, मागे वळायला उंची नाही, आणि कॅप्टन शांतपणे विमान किनाऱ्यावरच्या वाळूत उतरवतात. पहिल्या वर्षी ओहोटी होती आणि किनारा रिकामा होता. दुसऱ्या वर्षी वाळूत एक कुत्रं आलं. तिसऱ्या वर्षी भरती सुरू झाली. चौथ्या वर्षी कुत्र्याचं लहान मूल झालं आणि त्याच्या मागे धावत येणारी एक कोळीण आली. दर वर्षी तो किनारा अरुंद होत गेला. शेवटी शेवटी मला काळजी वाटायची की हे विमान आता उतरणार तरी कुठे. परिषदेत पाठीमागे त्यांना ‘वाळूवाले कॅप्टन’ म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं यांचा रेतीचा धंदा आहे.

पण त्या गोष्टीत एक वाक्य कधीच बदललं नाही. “त्या दिवशी माझ्या मेकॅनिकने एक छोटीशी चूक केली होती. मी त्याला केव्हाच माफ केलंय.” इथे ते थांबायचे. रुमाल काढायचे. टाळ्या.

तो मेकॅनिक म्हणजे तावडेमामा. आणि तो क्लब, दोन विमानांचा, समुद्राजवळच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये चालणारा, माझी पहिली नोकरी. आता तो बंद पडला आहे. मी तिथे रजिस्टर सांभाळायचो. मामा मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मुलाने मशीनचाच हात धरला. त्यांच्याकडे आवळ्याच्या मुरंब्याची एक काचेची बाटली होती, घासून घासून चकचकीत केलेली. विमान उडण्याआधी पंखाखालच्या तोटीतून थोडं पेट्रोल त्या बाटलीत काढायचं आणि उजेडाला धरायचं. टाकीत पाणी शिरलेलं असलं तर ते निळसर पेट्रोलच्या तळाशी जाऊन बसतं, नुसत्या डोळ्यांना दिसतं. मामा बाटली धरून नमस्काराला उभं राहिल्यासारखे स्तब्ध व्हायचे. म्हणायचे, “पेट्रोल खोटा बोलणा नाय रे. माणूस बोलता.”

बाटली पाहिली की रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम. पण मामा एकदा शेडच्या मागे गेले की सापडायचे नाहीत, आणि मला त्यांना शोधत फिरायचा कंटाळा. म्हणून मीच एक दिवस म्हणालो, “मामा, सकाळी आल्या आल्या सही करून टाका ना. तुम्ही बघणारच आहात.” ते म्हणाले, “आधी सही, मगे काम? हेका काय अर्थ?” पण मी तेव्हा चोवीस वर्षांचा, त्यांना पोरासारखा. माझी कटकट वाचावी म्हणून त्यांनी ऐकलं. महिन्याभरात ती क्लबची पद्धतच झाली.

सप्टेंबर होता. विमान दोन दिवस उघड्यावर भिजत उभं होतं. सकाळी मामांनी आल्या आल्या सही केली आणि बाटली आणायला शेडमध्ये गेले. तेवढ्यात कॅप्टन आले. त्यांच्या ओळखीचे कुणी दादरहून फोटो काढायला येऊन उभे होते, आणि ढग फाटून ऊन पडलं होतं. मी खिडकीतून म्हणालो, “कॅप्टन, मामा बाटली आणतायत.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “ऊन थांबणार आहे का त्याच्यासाठी? वेळ नाही, देसाई.” आणि इंजिन सुरू केलं. मामा शेडमधून धावत बाहेर आले तेव्हा विमान निघालेलं होतं. एका हातात रिकामी बाटली आणि दुसरा हात वर, असे ते उभे राहिलेले मी पाहिले. पाहिले. हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहितोय.

विमान त्यांनी वाळूत उतरवलं ते मात्र उत्तम. ओहोटी होती. कुत्रं, मूल, कोळीण यांपैकी कुणी नव्हतं. नाकाडाला जरा पोचा आला, एवढंच. टाकीत पाणी निघालं. क्लबच्या समितीने चौकशी केली. कॅप्टन म्हणाले, “मी मेकॅनिकच्या सहीवर विश्वास ठेवला.” मग मला बोलावलं. “तू काय पाहिलंस?” मी म्हणालो, “मी रजिस्टरच्या टेबलाशी होतो. सही झालेली होती.” यातला एकही शब्द खोटा नाही. इतकी खरी वाक्यं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही. मामांना काढलं. समितीसमोर ते एवढंच म्हणाले, “सही माझीच आसा.” ती आधी करायची पद्धत कुणी पाडली, ते त्यांनी सांगितलं नाही. वाट त्यांची लागली आणि नाव माझं वाचलं. पुढे त्यांनी जोगेश्वरीत पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं.

आता कुणी विचारेल, मग इतकी वर्षं त्या माणसाच्या मागेपुढे का केलंस? कारण कॅप्टन गोड होते. हा त्यांचा सगळ्यात वाईट गुण. माझ्या आईच्या ऑपरेशनला रक्त लागलं तेव्हा सगळ्यात आधी तेच घाटकोपरच्या हॉस्पिटलात हजर झाले आणि बाही वर करून बसले. माझ्या मुलीच्या परीक्षांच्या तारखा त्यांना पाठ असायच्या. लोकांसमोर बोलायला मला त्यांनीच शिकवलं. “देसाई, पोट आत, माईक हनुवटीखाली. आणि एक लक्षात ठेव, ज्याच्या हातात माईक त्याचं राज्य.” क्लब बंद झाल्यावर परिषदेच्या कामात मला त्यांनीच घुसवलं. मी त्यांची ओळख लिहायचो: ‘शांत, सावध, शिस्तप्रिय’. सावध हा शब्द लिहिताना दर वर्षी पेन अडायचं. दर वर्षी मी ते पुढे ढकलायचो.

आणि मग ते वर्ष आलं. मामांच्या पुतणीला विमानं दुरुस्त करायचं लायसन्स मिळालं होतं. परिषदेला ती आली, आणि काकांना घेऊन आली. मामा शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बसलेले. मला दिसले तेव्हा मी ओळखीतल्या ‘सावध’ या शब्दापर्यंत पोचलो होतो. कॅप्टननी घड्याळ पालथं ठेवलं. इंजिन बंद पडलं, भरती आली, मूल धावलं, कोळीण धावली. “मी त्याला केव्हाच माफ केलंय.” रुमाल. टाळ्या. मामांनीही वाजवल्या, हे मी पाहिलं.

“काही प्रश्न?” मी विचारलं. दोन पोरांनी करिअरबद्दल विचारलं. मग मागून मामा उठले. माईक त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, पण त्यांचा आवाज इंजिनाच्या घरघरीवर चढून बोलायला शिकलेला. घरून तयारी करून आणलेल्या शुद्ध मराठीत ते म्हणाले, “साहेब, एकच विचारायचं आहे. त्या सकाळी बाटली कोणी धरली होती?”

सभागृहाला काही कळलं नाही. कुणीतरी हसलं, “कसली बाटली, काका?” आणखी चार जण हसले. पुतणीने मान खाली घातली. कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी मामांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मामांनीही माझ्याकडे पाहिलं. कारण उत्तर माहीत असलेली माणसं त्या खोलीत तीनच होती, आणि माईक माझ्या हातात होता. दारात मॅनेजर पंचवीस मिनिटांची खूण करून उभा. मी पोट आत घेतलं, माईक हनुवटीखाली धरला आणि ते वाक्य बोललो.

लोक उठले, खुर्च्या वाजल्या, आणि मग सगळे पंचवीस मिनिटं रिकाम्या टेबलांभोवती ताटकळले. मामा जेवायला थांबले नाहीत. लिफ्टमध्ये कॅप्टननी स्वतःच्या अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. म्हणाले, “छान सावरलंस, राजा.” ती शाल माझ्या कपाटात आहे. बायको दर हिवाळ्यात विचारते, वापरत का नाहीस. मी म्हणतो, टोचते.

कॅप्टन गेल्या वर्षी गेले, झोपेत, कुणालाही त्रास न देता. शोकसभा अंधेरीलाच, त्याच सभागृहात. सूत्रसंचालन अर्थात माझं. मी वाळूची गोष्ट सांगितली. मी सांगितली, मुलासकट. कोळीणही घातली. त्यांच्यापेक्षा बरी सांगितली असं एक जण म्हणालासुद्धा. त्यांच्याबद्दलचा माझा सगळा तिरस्कार तिथे त्यांच्या फोटोसमोर माझ्याच अंगावर उलटा फिरला. ते निदान स्वतःसाठी खोटं बोलायचे.

मामा आले होते. फुलं वाहिली, फोटोसमोर जरा उभे राहिले. बाहेर चपला घालताना मी त्यांच्याजवळ गेलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. मामाच आधी बोलले. “माणूस गोड होतो. खोटो, पण गोड.” मी म्हणालो, “मामा, त्या दिवशी तुमचा प्रश्न...” त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. “मी परत इचारूचंय नाय. एकदा इचारलंय.” मग चपलेचा पट्टा ओढत, माझ्याकडे न बघता, “तो गेलो. तू आसस.” रिक्षाला हात केला आणि गेले.

येत्या परिषदेपासून कॅप्टनच्या नावाने दर वर्षी सुरक्षिततेवर व्याख्यान ठेवायचं ठरलंय. त्यांचा परिचय मी लिहायचा आहे. कोरा कागद समोर आहे. ‘शांत’ लिहिलंय, आणि पुढे गेलेलो नाही.

मी तावडेमामांना एका प्रश्नाचं उत्तर देणं लागतो: बाटली कोणीच धरली नव्हती, मामा धावत येत होते, आणि सही आधी करायला मी लावली होती. हे त्याच सभागृहात, माईकवरून, ते समोर बसलेले असताना सांगायचं आहे. इथे लिहिलेलं त्यात धरायचं नाही.